जमिनीवरून उठणे

नव्या औषधाच्या चाचणीत घेण्याची अट एकच होती, आणि ती ऐकायला इतकी साधी होती की बाईंना पहिल्यांदा हसूच आले. मुलाने जमिनीवर पाठ टेकून झोपायचे आणि आपले आपण उठून उभे राहायचे. खुर्ची, भिंत, कोणाचा हात, काहीही धरायचे नाही; स्वतःच्या अंगाचा आधार तेवढा चालणार होता. जी मुले उठतील त्यांना औषध मिळणार होते. जी उठणार नाहीत त्यांनी पुढे कधीतरी दुसरे काही निघेल याची वाट बघायची.

हसू क्षणभरच टिकले. आपली मुलगी जमिनीवरून कशी उठते हे बाईंना माहीत होते.

मुलीला घरात भिंगरी म्हणत. तान्ही असताना उशीकडे डोके करून ठेवली की थोड्या वेळाने ते पायथ्याशी सापडायचे, म्हणून आजोबांनी ठेवलेले नाव. चालायला लागली ती उशिरा, आणि पोट पुढे काढून, डुलत डुलत. सगळ्यांना ते गोडच वाटले. मग ती वरचेवर पडू लागली, जिना चढताना कठड्याला लोंबकळू लागली, आणि डॉक्टरांनी सांगितले की हा स्नायूंचा आजार आहे. कंबरेचे आणि मांड्यांचे स्नायू हळूहळू विरत जाणार. आता ती नऊ वर्षांची होती. उठायचे तर आधी पालथी वळायची, मग हातागुडघ्यांवर यायची, मग बूड वर करायची, आणि शेवटी एकेक हात गुडघ्यावर, मांडीवर, आणखी वर ठेवत स्वतःच्याच अंगावर शिडी चढल्यासारखी चढून उभी राहायची. उभी राहिली की म्हणायची, "आले वर!"

बाईंना सगळेच बाई म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्या गणिताची शिकवणी घ्यायच्या. शाळांनी हात टेकलेली मुले त्यांच्याकडे येत आणि पास होऊन जात. त्यांची पद्धत सोपी होती. उदाहरणाचे तुकडे करायचे, एकेक तुकडा घोटायचा, मग सगळे जोडून घड्याळ लावून सोडवायचे. "हात बसला पाहिजे," त्या मुलांना सांगत. "परीक्षेत डोकं बंद पडलं तरी हात चालतो." इतक्या वर्षांत या पद्धतीने त्यांना कधी दगा दिला नव्हता. नवरा दूरच्या बंदरात क्रेन चालवायचा, वर्षातून थोडे दिवस घरी यायचा. घर, शिकवणी, दवाखाना, सगळे या पद्धतीवर चालले होते.

तेव्हा चाचणीचा दिवस ठरल्यावर बाईंनी दुसरे काही केले असते तरच नवल. शिकवणी सुटली की त्या बाके भिंतीला सरकवायच्या आणि मधल्या जागेत घोंगडी अंथरायच्या.

"पहिला भाग, वळणं. दुसरा, हातगुडघे. तिसरा, बूड वर. चौथा, हात मांडीवर."

"आणि पाचवा?" भिंगरी घोंगडीवर पडल्या पडल्या विचारायची.

"पाचवा म्हणजे उभं राहणं."

"त्याला किती मार्क?"

"सगळे."

"म्हणजे पहिल्या चार भागांना शून्य? पायऱ्यांचे मार्क असतात असं तूच सांगतेस. हे कसलं गणित हो, बाई?" घोंगडीवर असली की ती आईला मुद्दाम शिकवणीतल्या मुलांसारखी बाई म्हणायची.

"तोंड कमी चालव, पाय जास्त."

"तोंडाला आजार नाही ना, म्हणून चालतं."

बाई हसायच्या आणि म्हणायच्या, "चल, पुन्हा."

सुरुवातीला ती खरेच लवकर उठू लागली. हेच वाईट झाले. बाईंना वाटले, हात बसतोय. त्यांनी सराव वाढवला. सकाळी शाळेआधी, संध्याकाळी शिकवणीनंतर, रविवारी दुपारी. रुग्णालयात दर आठवड्याला व्यायाम घेणाऱ्या ताईंनी किती वेळा बजावले होते: जमेल तेवढंच, आणि दमायच्या आत थांबायचं. पण ते रोजच्या व्यायामाबद्दल होते, असे बाईंनी स्वतःला समजावले. ही परीक्षा होती.

आजोबा हे सगळे दारातून बघत. ते बाईंचे वडील. आयुष्यभर एका वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांमागे नोकरी केली, आणि कपाटामागची सवय गेली नाही ती नाहीच. बोलण्याआधी घसा खाकरायचे, आणि खाकरून झाल्यावर बरेचदा बोलायचेच नाहीत. नातीच्या आजाराबद्दल मिळेल ते भिंग लावून वाचायचे. एका संध्याकाळी मात्र ते खाकरले आणि बोलले.

"मी म्हणतो ते चूकही असेल. पण या मुलांचे स्नायू सरावाने वाढत नाहीत असं वाचलं मी. उलट फाटतात. जितकं वापराल तितकं..."

"बाबा, तुम्ही वाचलंत. मी डोळ्यांनी बघतेय. परवापेक्षा लवकर उठली ती."

"हो का? मग तसं असेल." आजोबा आपल्या खुर्चीकडे परतले. "मला नीट कळलं नसेल."

त्यानंतर काही दिवसांनी भिंगरीच्या पोटऱ्या दुखू लागल्या. पायात दगड भरल्यासारखे वाटते म्हणाली. परीक्षा जवळ आली की सगळ्यांनाच असं होतं, असे बाई म्हणाल्या आणि त्यांनी तिच्या पोटऱ्यांना तेल चोळले. मग एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली.

"आई, शू बघ. चहासारखी झालीय."

बाईंनी वाकून बघितले. काळपट, तांबूस, खरेच चहासारखी. त्यांनी पाणी ओतले.

"पाणी कमी पितेस तू," त्या म्हणाल्या. "हा एवढा पेला संपव बघू."

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. मग रंग निवळला. बाईंनी हे कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर कोणीतरी सराव बंद कर म्हणाले असते, आणि चाचणी तोंडावर आली होती. त्या दिवसांत त्यांना झोपेतही मुलगी उठताना दिसे, आणि जाग आली की त्यांचे स्वतःचे हात मांड्यांवर दाबलेले असत.

रुग्णालयातली व्यायामाची खोली तळमजल्यावर होती. निळ्या गाद्या, कमरेइतक्या उंचीचे दोन समांतर दांडे, एका भिंतीभर आरसा, आणि कुठेच न जाणारा चार पायऱ्यांचा लाकडी जिना. रबराचा वास. भिंगरीला तो वास आवडायचा. खोडरबरांचे दुकान म्हणायची ती या खोलीला. त्या दिवशी गादी काढून मधोमध पातळ सतरंजी घातली होती आणि समोर तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा होता. मुले उठतात की नाही हे ताईंनी ठरवायचे नव्हते. चित्रण दुसरीकडे जायचे, आणि यातल्या एकाही मुलाला न भेटलेली माणसे ते बघून ठरवणार होती.

"दोन संधी असतात," ताईंनी भिंगरीला सांगितले. "आज एक. थोड्या दिवसांनी दुसरी. जी चांगली होईल ती धरायची. घाई करू नकोस."

भिंगरी झोपली. ताई म्हणाल्या, "उठ." ती वळली. हातागुडघ्यांवर आली. बाई कॅमेऱ्यामागे उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. बूड वर. डावा हात गुडघ्यावर. उजवा हात गुडघ्यावर. मग काहीच झाले नाही. ती तिथेच वाकून राहिली, आणि तिच्या मांड्या अशा थरथरू लागल्या की फ्रॉकची किनार हलताना दिसत होती. तिने मान वर करून आईकडे बघितले. डावा हात थोडा वर सरकवला. आणि ती खाली बसली. पडली नाही, बसली, गुडघे घडी घालावी तसे मिटले.

"बाई, चौथ्या भागात अडकले," ती म्हणाली.

ताईंनी कॅमेरा बंद केला.

"पुन्हा घ्या ना," बाई म्हणाल्या. "आत्ता लगेच. घरी उठते ती. मी रोज बघते."

"एका दिवशी एकदाच घेता येतं, बाई."

"मग हे पुसून टाका. आज आम्ही आलोच नाही असं समजा. तिला ताप होता. काहीही लिहा."

"ते माझ्या हातात नाही."

"मग कोणाच्या हातात आहे? मला सांगा, मी जाते त्याच्याकडे. पाया पडते." बाईंचा आवाज चढला तसा पलीकडच्या पडद्याआड कोणाच्या तरी बाळाचे रडणे थांबले. "एक हात, ताई. पुढच्या वेळी कमरेला नुसता एक हात लावा, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूने. एवढंच. तुम्हाला मूल नाही का?"

भिंगरी खाली बसून सतरंजीचा दोरा ओढत होती. मग ताईंनी तिच्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि विचारले, "मागच्या महिन्यात उठत होतीस की गं. घरी काही वेगळं झालं का? दुखलं, पडलीस?"

"नाही," बाई म्हणाल्या. "काही नाही."

आजोबा दाराशी, बुटांच्या कपाटाजवळ उभे होते. ते खाकरले. कोणी लक्ष दिले नाही. ते पुन्हा खाकरले.

"ताई, तिला लघवी चहासारखी झाली होती. दोन दिवस. न्हाणीघरातलं मला ऐकू आलं." मग जरा थांबून म्हणाले, "सराव फार झाला, असं मला वाटतं. मी चुकत असेन."

बाईंनी वळून वडिलांकडे बघितले. असे त्यांनी कधी कोणाकडे बघितले नव्हते.

ताई जमिनीवरच बसल्या, भिंगरीच्या शेजारी, आणि बाईंना समोर बसवून सांगू लागल्या. आवाज शांत होता, पण सांगणे पातळ केलेले नव्हते. निरोगी स्नायूला ताण दिला की तो थोडा तुटतो आणि पहिल्यापेक्षा बळकट होऊन जुळतो. हिचा तुटतो तो तुटतोच. लघवीतला तो रंग म्हणजे फुटलेल्या स्नायूतून रक्तात सुटलेला रंग. मूत्रपिंडावरही बेतू शकतं. आधी रक्त तपासायला हवं, डॉक्टरांना आत्ताच बोलावते.

"ते परत येतं?" बाईंनी विचारले. "जे गेलं ते?"

"काही परत येतं. विश्रांती दिली तर."

"आणि बाकीचं?"

ताई डॉक्टरांना बोलवायला उठल्या.

रक्त घेतले गेले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड वाचलंय, आकडे उतरू देत, मग दुसरी संधी घेऊ. तोवर सराव पूर्ण बंद. पाणी भरपूर. टाचा हलक्या हाताने ताणायच्या आणि रात्री पायाला प्लास्टिकचे साचे घालायचे, तेवढेच चालू ठेवा.

परतताना बसमध्ये भिंगरी खिडकीशी झोपली. बाई पुढे बघत म्हणाल्या, "बाबा, आयुष्यात कधी चार माणसांत तोंड उघडलं नाहीत. नेमकं आज उघडायचं होतं?"

"मलाही तसंच वाटतंय गं," आजोबा म्हणाले. "पण आधी उघडायला हवं होतं. ते जमलं नाही."

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला.

"काय झालं?"

"दुसरी संधी आहे."

"म्हणजे पहिली गेली," तो म्हणाला.

"मीच घालवली. माझ्या हाताने." आणि बाईंनी त्याला सगळे सांगितले, घोंगडी, घड्याळ, चहासारखा रंग. तो ओरडेल असे त्यांना वाटले होते. तो म्हणाला, "मी तिथे असतो तर मीही हेच केलं असतं." त्यामुळे बाईंना काही बरे वाटले नाही.

मग काहीही न करण्याचे दिवस आले. बाईंना हे कधी जमलेच नव्हते. शिकवणीत मुले गणिते सोडवत आणि बाई फळ्यापाशी खडू धरून उभ्या राहत, आतल्या खोलीतून काही आवाज येतो का ते ऐकत. भिंगरी पलंगावर चित्रे काढायची. स्वच्छतागृहात जायला उठली की बाई मागे धावत, आणि हात पुढे करून मागे घेत. धरले तर तिची ताकद वाचेल की मोडेल, हेच आता त्यांना कळेनासे झाले होते. इतकी वर्षे ज्या पद्धतीवर पाय रोवून उभ्या होत्या तीच पायाखालून निघून गेली होती.

"आई, तू रागावलीस की आवाज बारीक करतेस," भिंगरी एकदा म्हणाली. "त्यापेक्षा ओरड ना. सवय आहे मला."

"तुझ्यावर नाही रागावले."

"मग आजोबांवर?"

"नाही."

"मग उरलं कोण? शिकवणीतली मुलं? ती तर आजकाल गणितं बरोबर सोडवतायत."

बाईंनी तिचे डोके पोटाशी धरले. मनात मात्र एकच विचार फिरत होता. आता उठता येतंय का? विश्रांतीने ताकद परत आली असेल का? की पडून पडून होती तीही गेली? बघितल्याशिवाय कसे कळणार? फक्त एकदा बघायला काय हरकत आहे?

दुसऱ्या संधीच्या आदल्या दुपारी त्यांना राहवले नाही. शिकवणीला सुट्टी दिली होती. त्यांनी बाके सरकवली आणि घोंगडी अंथरली.

"एकदाच," त्या म्हणाल्या. "नुसतं बघू. जोर लावू नकोस."

भिंगरी पलंगावरून पाय खाली सोडून त्यांच्याकडे बघत होती. नाही म्हणाली नाही. तिने आईला आजवर या बाबतीत कधी नाही म्हटले नव्हते.

आजोबा खुर्चीतून उठले. खाकरले नाहीत. सरळ घोंगडीपाशी आले, चष्मा काढून खिशात ठेवला, आधी एका गुडघ्यावर, मग दुसऱ्या, असे करत घोंगडीवर उताणे झोपले आणि हात पोटावर ठेवून छताकडे बघू लागले.

"बाबा, हे काय?"

"माझी परीक्षा घे आधी."

"उठा बघू. लहान मुलासारखं काय?"

"तेच तर. उठता येत नाही. कंबर धरली." आणि खरेच धरली होती. त्यांनी वळायचा प्रयत्न केला आणि कण्हून पुन्हा पाठीवर आले. भिंगरी पलंगावर खिदळू लागली. "आजोबा, पालथे व्हा! पहिला भाग! आता हातगुडघे! अहो, तसं नाही, बूड वर!"

आजोबा पालथे झाले, हातागुडघ्यांवर आले, बूड वर केले, आणि एकेक हात मांडीवर चढवत हळूहळू उभे राहिले. तोंड लालबुंद झाले होते. बाईंनी त्यांना काखेत धरून खुर्चीत बसवले. मग त्या घोंगडीपाशी खाली बसल्या आणि मोठ्याने रडल्या, मुलीसमोर पहिल्यांदा. भिंगरीचे हसणे थांबले. आजोबा खिशातला चष्मा काढून पुसत राहिले. रडून झाल्यावर बाईंनी घोंगडी घडी करून कपाटात टाकली. भिंगरीला जमिनीवर यावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बाईंना खोलीत बसू दिले, पण एका अटीवर. बोलायचे नाही, ओठ हलवायचे नाहीत. बाईंनी पदर तोंडावर धरला. सतरंजी आज आरशाच्या बाजूला, समांतर दांड्यांजवळ घातली होती. पलीकडे व्यायामाच्या झोपाळ्याची दुरुस्ती चालली होती, म्हणून. ताईंनी विचारले, "सरकवू का जरा मधे?" भिंगरी म्हणाली, "राहू दे, इथे ऊन आहे."

"उठ."

ती वळली. हातागुडघ्यांवर आली. मागच्या वेळेपेक्षा सावकाश, पण थरथर नव्हती. बूड वर. डावा हात गुडघ्यावर. उजवा हात. डावा हात मांडीवर सरकला. उजवाही सरकला. पाठ उचलू लागली. ती अर्धी उभी होती. मागच्या वेळी जिथे अडकली ते मागे पडले होते. आता फक्त छाती वर आणायची, पोट पुढे काढायचे, की झाले. तेवढ्यात उजवा गुडघा मागे निसटला. सगळे अंग एका बाजूला कलले. आणि तिचा हात सुटला तो थेट दांड्यावर. तिने दांडा घट्ट पकडला, स्वतःला वर ओढले, आणि उभी राहिली.

"आले वर," ती म्हणाली. नेहमीसारखे ओरडून नाही, हळू.

कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका चालूच होता. ताईंनी तो बंद केला, आणि बाईंकडे बघून मान अगदी थोडी नकारार्थी हलवली.

"माहितीये मला," भिंगरी म्हणाली. आरशातून ती आईकडे बघत होती. "हात लागला. तू सांगितलं होतंस, पडलीस तरी चालेल पण धरायचं नाही. पण मी पडले असते गं. खूप जोरात. म्हणून धरलं."

बाईंनी तोंडावरचा पदर काढला. दोन शब्द म्हणायचे होते. पोरे नापास झाली, वह्या कोऱ्या ठेवून आली, तरी त्यांना कधी शब्द शोधावे लागले नव्हते.

"बरं केलंस," त्या शेवटी म्हणाल्या.

"खरंच?"

"खरंच. पडली असतीस तर..."

ताईंनी चाकाची खुर्ची जवळ आणली. "ये, बस आता. छान उठलीस. दम खा."

भिंगरी खुर्चीकडे बघत राहिली. दांड्यावरची तिची बोटे पांढरी पडली होती. "नको," ती म्हणाली.

"पाय थरथरतायत बघ तुझे."

"थरथरू देत. बसले तर मग उठायचं कसं?"

या प्रश्नावर ताईंजवळ व्यायाम होते, साचे होते, उभे ठेवणारी चौकट होती, आणि हे सगळे त्या उद्यापासून समजावून सांगणारच होत्या. आत्ता त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

बाई चपला काढून सतरंजीवर आल्या. मुलीच्या मागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे तिच्या कमरेच्या दोन बाजूंना टेकवले. दाबले नाहीत, उचलले नाहीत. फ्रॉकच्या आत ते बारीक थरथरणे त्यांच्या हातांना लागत होते, आणि हळूहळू वाढत होते.

"अजून थोडा वेळ," भिंगरी म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या.

आजोबाही येऊन दांड्याच्या पलीकडे उभे राहिले. तिघे तसेच उभे होते, आणि ताई खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून, तिच्या गुडघ्यांवरची नजर न काढता, वाट बघत होत्या.